सगुणाची मुलगी गैरहजर नसते

सगुणाबाई कन्या प्रशालेत नाव लागलं की पोरीचं निम्मं आयुष्य मार्गी लागलं, असं निगडीत समजतात. उरलेलं निम्मं शाळा स्वतःच मार्गी लावते. पोरीला विचारायची तिथे पद्धत नाही. प्राधिकरणातल्या बंगल्यांतल्या आया मुलगी पाळण्यात असल्यापासून अर्जाची चौकशी करतात. काळेवाडीतून सगुणात जाणाऱ्या पोरी मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरून उरतात. आम्रपाली बुद्धभूषण सरवदे त्यांतली एक.

शाळेचा इतिहास पोरींना पाढ्यांसारखा पाठ असतो. बावन्न वर्षांपूर्वी प्राधिकरणाचे प्लॉट नुसते फक्कीने आखलेले होते, तेव्हा सगुणाबाई नावाच्या एका विधवा शिक्षिकेने पत्र्याच्या शेडमध्ये नऊ मुलींवर ही शाळा काढली. पण मुली येणार कुठून? धाकटं भावंड सांभाळ, गुरं बघ, आज पाहुणे आलेत, उद्या काढणी आहे, असं म्हणून घरचे पोरीला डांबून ठेवायचे. मग बाई पितळी घंटा घेऊन तिच्या दारात जायच्या आणि पोरगी बाहेर येईपर्यंत ती वाजवत उभ्या राहायच्या. लोकांनी शिव्या दिल्या, एकाने अंगावर कुत्रं सोडलं, बाई हटल्या नाहीत. त्या घंटेपायी आकुर्डी-निगडीच्या कितीतरी बायका शिकल्या, हे खोटं नाही.

बाई गेल्या आणि घंटा मागे राहिली. मोठ्या माणसाच्या मागे त्याच्या वस्तूंचं जे होतं तेच तिचंही झालं. आज कोणी मुलगी आली नाही, तर दुसरा तास संपायच्या आत वर्गबाई आणि दोन मुली रिक्षा करून तिच्या दारात घंटा वाजवायला जातात. फोन करणं शाळेला हलकं वाटतं. ज्या वर्गात शंभर टक्के हजेरी, त्याच्या दारावर त्या दिवशी पिवळा झेंडा लागतो. आणि आठवी ते दहावी अशी तीन वर्षं जिचा एकही खाडा नाही, तिचं नाव सभागृहातल्या लाकडी फळ्यावर सोनेरी रंगात चढतं. अर्ध्या शतकात अशी अकरा नावं झाली. निरोप समारंभात मोठ्या बाई ती एकेक करून पुकारतात. जी आलेली असेल ती उठून 'हजर' म्हणते. जी येऊ शकत नाही तिच्या वतीने पाचशे मुली म्हणतात. फळ्यावरची चौथी, नलिनी गोसावी, बाळंतपणात गेली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिच्याही नावाला दरवर्षी अख्खी शाळा एका आवाजात 'हजर' म्हणते. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. फळ्याखाली शाळेचं वाक्य आहे: सगुणाची मुलगी गैरहजर नसते.

यंदा त्या फळ्यावर बारावं नाव चढणार होतं. आणि ते खोटं होतं.

ते कसं झालं ते सांगायला हवं. आम्रपालीचा बाप बुद्धभूषण चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत चौदा वर्षं कंत्राटी कामगार. कंपनीची बस पहाटे पावणेसहाला काळेवाडी फाट्यावरून निघून निगडीमार्गे चाकणला जायची. बसचा ड्रायव्हर हिंदुराव हा बुद्धभूषणचा जुना दोस्त. नियमात बसत नसताना तो आम्रपालीला मागच्या सीटवर बसू द्यायचा आणि निगडीच्या चौकात उतरवायचा. आठवीत असताना एका बुधवारी बुद्धभूषणची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो बसमध्ये नव्हता. आम्रपाली मागे खिडकीला डोकं टेकून झोपली आणि डोळे उघडले तेव्हा बस चाकणच्या कंपनीच्या गेटाशी आली होती.

हिंदुरावाची बोबडी वळली. कंपनीच्या बसमध्ये शाळकरी पोरगी सापडली असती, तर त्याची गाडी गेली असती आणि बुद्धभूषणचं कंत्राटही. त्याने तिला कांद्याच्या बाजारात नेलं आणि कांदा निवडणाऱ्या रुक्मिणीबाईच्या हवाली केलं. "दुपारी शिफ्ट सुटल्यावर न्यायला येतो. आणि पोरी, हे घरी बोलायचं नाही. माझ्या गळ्याची शप्पथ."

आम्रपाली आधी रडली. पण रडणं तरी किती वेळ पुरणार? समोर कांद्याचे ढीग, ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड, लिलाव पुकारणाऱ्याच्या मागे धावणारी माणसं. रुक्मिणीबाईने तिला जोडकांदा कसा ओळखायचा ते दाखवलं, दुपारी भाकरी आणि ठेचा दिला. आम्रपालीने विचारलं, "तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर?" बाई म्हणाली, "तर काय? न्हाई आले तर न्हाई आले. रोज बुडतो, दुसरं काय व्हतंय." ती पोत्यांच्या थप्पीवर पाय हलवत बसली होती, आणि सात-आठ तास ती कुठे आहे हे एका हिंदुरावाखेरीज तिच्या ओळखीच्या कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला एवढं बरं त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ती भीतभीत शाळेत गेली, तर वर्गाच्या दारावर पिवळा झेंडा. वर्गप्रमुख ऋतुजा काळभोर, आकुर्डीच्या गावकीतली दणकट पोरगी, तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काल कुटं व्हतीस? जाऊ दे, सांगू नको. आपला एकेचाळिसावा झेंडा व्हता. मी बाईंना म्हणलं, आलीया, पानी प्यायला गेलीया. सगळ्यांनी व्हय म्हणलं." वर्गबाई साबणे बाईंनी मान वर न करता हजेरी मांडली होती. चोपन्न मुलींनी मिळून एक खोटं पचवलं आणि वर्षभर एकीनेही तोंड उघडलं नाही. अशी एकी चांगल्या कामात दिसती, तर देशाचं कल्याण झालं असतं.

आठवीच्या शेवटी शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. बुद्धभूषणने ते काचेत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलं. "फळ्यावर काळेवाडीचं एक नाव नाही अजून," तो म्हणाला, "आणि आपल्या लोकांचं तर नाहीच. तू लावशील." तेव्हाच तिने सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर हिंदुरावकाकाची शप्पथ मोडत होती, वडिलांचं कंत्राट धोक्यात येत होतं, आणि लोक काय म्हणतील ते वडिलांनी न सांगताही तिला कळत होतं: बघा, ह्यांचं नाव लागायला आलं तर खोटं करून.

मग तिने एक हिशेब मनाशी बांधला, पोरींनाच सुचतो तसला. तो एक दिवस खोटा असला, तर बाकीचे सगळे खरेच असायला हवेत. अंगात ताप घेऊन ती शाळेत गेली. पाय मुरगळला तेव्हा लंगडत गेली. नववीत मंगळवारी रात्री बीडहून फोन आला की आजोबा, आईचे वडील जयसिंग, गेले. लहानपणी सुट्टीत तिला खांद्यावर बसवून बुद्धविहारात नेणारे आजोबा. आई तोंडात पदर कोंबून निघाली. आम्रपाली बॅग भरायला उठली तर बुद्धभूषण म्हणाला, "तू थांब. दीड वर्ष झालंय, आता मोडू नको. आजोबांनाही हेच आवडलं असतं." आजोबांना काय आवडलं असतं हे विचारायची सोय राहिली नव्हती. बुधवारी सकाळी ती बेंचवर बसून 'हजर' म्हणाली. आजोबांचा चेहरा तिला शेवटचा बघायला मिळाला नाही, आणि ते दुःख तिने ज्या फळ्यासाठी गिळलं तो फळा पहिल्यापासूनच तिचा नव्हता.

दहावीचा जानेवारी संपत आला. शुक्रवारी शेवटची हजेरी, शनिवारी निरोप समारंभ. गल्लीत फ्लेक्स लागला होता, त्यावर तिचा तिसरीतला फोटो. आम्रपालीला रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं, हीच मोठी पंचाईत होती. दुष्मन असता तर त्याच्या हातापाया तरी पडता आलं असतं.

मंगळवारी ती साबणे बाईंकडे गेली. बाई आठवीपासून ह्या वर्गाबरोबर वर चढत आल्या होत्या आणि ह्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. स्टाफरूममध्ये त्या एकट्याच डबा खात होत्या.

"बाई, आठवीत असताना एक दिवस मी..."

साबणे बाईंनी घास खाली ठेवला. "थांब. सरवदे, काही गोष्टी मुलींनी बाईंना सांगू नयेत. सांगितल्या की बाईंना ऐकाव्या लागतात."

"पण बाई, ते बरोबर नाही."

"चौतीस वर्षं मी हजेरी मांडतेय. त्या पुस्तकात एक खोडलेली जागा नाही. मला सुखाने जाऊ दे, बाळ." त्यांनी डब्यातली अर्धी पोळी तिच्या हातावर ठेवली. आम्रपालीने ती खाल्ली, कारण बाईंनी दिलेली पोळी परत कशी करणार?

म्हणजे बाईंना ठाऊक होतं. निदान ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, एवढं नक्की ठाऊक होतं.

सांगून सुटका नाही म्हटल्यावर एकच वाट उरली. एक दिवस उघडपणे गैरहजर राहायचं. फार नाही, एक दिवस. नाव आपोआप गळेल, आठवीतलं कोणी उकरणार नाही, हिंदुरावकाका वाचेल, वडिलांची मान खाली जाणार नाही. लोक म्हणतील, बिचारीचं थोडक्यात हुकलं. ह्या 'बिचारी'साठी ती आसुसली होती.

बुधवारी ती पोट धरून अंथरुणात पडून राहिली. आईने ओवा दिला. साडेआठला गल्लीत घंटा वाजली. खणखणीत, पितळी, आजूबाजूची सगळी दारं उघडली. दारात साबणे बाई, ऋतुजा आणि आणखी एक मुलगी. शेजारच्या यशोदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा हो, शाळा दारात येती पोरीसाठी." ऋतुजाने तिला उठवून बसवलं, बूट घातले, नाड्या बांधल्या. बुद्धभूषण रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता, तो उठून शर्ट न बदलता रिक्षात पुढे बसला. वर्गात तिला शेवटच्या बाकावर झोपवलं आणि डोक्याखाली तीन दप्तरं दिली. हजेरी लागली. दारावर झेंडा चढला. सगुणाबाईंची घंटा घरात कोंडलेल्या पोरीला बाहेर काढायची. आता तीच घंटा तिला आत घेऊन आली होती, आणि बाकावर पडल्यापडल्या आम्रपालीला ह्याचं हसूही आलं आणि रडूही.

गुरुवारी हिंदुरावाच्या बसमध्ये बसल्याबसल्या तिला चाकण आठवलं. घरात नसलं तर घंटा काय दगडासमोर वाजवतील?

शुक्रवारी ती नेहमीसारखी पहाटे फाट्यावर उभी राहिली. मागच्या सीटवर बसली. बाबांचा रात्रपाळीचा आठवडा, बसमध्ये ते नव्हते. आठवीतल्या त्या बुधवारनंतर हिंदुराव रोज निगडीचा चौक आला की आरशात बघून ओरडायचा, "निगडी. पोरी, उठ." आजही ओरडला. ती जागीच होती.

"मी आज चाकणला येणार, काका."

हिंदुरावाने मागे वळून पाहिलं. बसमध्ये चाळीस माणसं, मागे दुसऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न. "येड लागलं का? उतर खाली."

"उतरणार नाही. ओरडलात तर मीही ओरडेन."

असं ती आयुष्यात कोणाशी बोलली नव्हती. हिंदुराव पुटपुटला, मग त्याने कपाळ पुसलं आणि गिअर टाकला. शिफ्टला दोन मिनिटं उशीर झाला तरी त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. कंपनीच्या गेटाआधीच्या वळणावर त्याने दार उघडलं. "साडेतीनला इथंच. आणि हे तुझ्या बापाला मी सांगणार न्हाई, तूच सांग."

बाजारात रुक्मिणीबाई होती. त्याच गाळ्यासमोर, डोक्याला तसाच टॉवेल बांधून. आम्रपाली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हसली. बाईने डोळे बारीक केले.

"मी आले होते, आठवीत असताना. तुम्ही मला भाकरी दिली होती."

"असंल बया. लई पोरी येत्यात जात्यात." बाईने सरकून जागा केली. "बसायचं तर निवड काढ. नुसतं बसू नको."

ओळखलं नाही ह्याचं आम्रपालीला वाईट वाटलं, आणि मग लगेच हलकंही वाटलं. ती कांदे निवडत राहिली. जोड एकीकडे, मोड आलेले दुसरीकडे. सव्वासात झाले, हजेरी सुरू झाली असेल. साबणे बाई म्हणतील, सरवदे. कोणी बोलणार नाही. आठ झाले, रिक्षा निघाली असेल. साडेआठला काळेवाडीत घंटा. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि हातातला कांदा खाली पडला. बाबा आधी घाबरतील, सगळीकडे फोन करतील, मग चिडतील. चिडू देत. संध्याकाळी ती म्हणेल, बसमध्ये झोप लागली. हे तर कधीतरी खरंही होतं. दहा वाजले तशी तिची भीती ओसरली. आता झालं ते झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. कांद्याच्या धुळीने शिंका आल्या, रुक्मिणीबाई हसली, तीही हसली. दुपारची भाकरी तिने मागून घेतली.

चार-साडेचारला ती घरी पोचली. आई दारात तांदूळ निवडत होती.

"आलीस? उशीर केला आज. उद्याची तयारी होती ना शाळेत?"

"आई, सकाळी कोणी आलं होतं?"

"कोण येणार? हात धू, वास कसला येतोय कांद्याचा?"

घंटा आलीच नव्हती. आम्रपाली मोरीत पाणी सोडून उभी राहिली आणि तिला काय झालं असेल ते कळलं. तरी रात्रभर ती स्वतःशी वाद घालत राहिली की असं नसेल.

शनिवारी सकाळी वर्गाच्या दारावर पिवळा झेंडा होता. टेबलावर हजेरीपुस्तक उघडंच. तिच्या नावापुढे शुक्रवारच्या रकान्यात साबणे बाईंच्या निळ्या शाईतला 'ह', इतरांसारखाच गोल. ऋतुजा धावत आली आणि तिने तिला कवटाळलं.

"काल जीवच गेला आमचा. शेवटच्या दिवशी आजारी पडतीस व्हय? पण आमी हाय ना. बाईंनी तुजं नाव घेतलं आन् अख्खा वर्ग म्हणला हजर. बाईंनी वर बी बघितलं न्हाई."

"मी आजारी नव्हते, ऋतुजा. मी मुद्दाम आले नाही."

ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, तिला समजलं. मग तिने आम्रपालीची वेणी नीट केली. "न्हाई आलीस तरी काय झालं? तुला एकटीला सोडू व्हय आमी?"

सभागृह भरलं होतं. फळ्यावर बारावं नाव सोनेरी रंगात चमकत होतं. रंगवणारा माणूस बुधवारीच येऊन गेला होता म्हणे. पहिल्या रांगेत बुद्धभूषण इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसला होता. सकाळी निघताना तो तिला म्हणाला होता, "चौदा वर्षांत कंपनीत पहिला खाडा केला. तुझ्यासाठी." त्याच्या शेजारी आई, नव्या साडीत, हातात रुमाल.

मोठ्या बाईंनी नावं पुकारायला सुरुवात केली. पहिली हजर होती, पांढऱ्या केसांची, काठी टेकत उठली. दुसरी अमेरिकेत, पाचशे मुली म्हणाल्या, हजर. चौथं नाव आलं, नलिनी गोसावी. पाचशे मुली म्हणाल्या, हजर. पाहुण्यांनी डोळे टिपले. दर वर्षी ह्या आवाजात आम्रपालीचाही आवाज असायचा. आज ती गप्प राहिली आणि तिला जाणवलं की एक आवाज कमी झाल्याचं कोणालाच कळलं नाही.

"बारा. आम्रपाली बुद्धभूषण सरवदे."

ती उभी राहिली.  'नाही' हा शब्द जिभेवर होता, पण समोर बाबा होते, खुर्चीच्या कडेला सरकून बसलेले, ओठ किंचित उघडे, जणू तेच म्हणणार होते. तो शब्द काही बाहेर पडेना. मग निदान दुसराही म्हणायचा नाही, एवढं तिने ठरवलं. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

 मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साबणे बाईंनी मान खाली घातली. कोणीतरी कुजबुजलं की पोरीला भरून आलंय.

मग मागून ऋतुजाचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग पाचशे मुलींचा, एकसाथ, मायेने.

"हजर."

छपराचे पत्रे घुमले. बुद्धभूषण उभा राहून टाळ्या वाजवू लागला, त्याचे डोळे वाहत होते. आम्रपालीचे ओठ मिटलेलेच होते. मोठ्या बाईंनी घंटा उचलून वाजवली आणि पाहुण्यांना भाषणासाठी बोलावलं.